मॉर्मन स्वर्ग : जागा सगळ्यांना, पण वरच्या दालनाचं काय?

अक्षरओळख (धागाकर्ता)

मॉर्मन पंथाचा विषय निघाला की 'त्यांच्यात म्हणे मेल्यावर प्रत्येकाला एकेक ग्रह मिळतो' इथेच बोलणं संपतं. ग्रहवाटप त्यांच्या धर्मग्रंथात नाही, आणि त्यांच्या चर्चने २०१४ च्या एका निबंधात ही कल्पना म्हणजे मूळ शिकवणीचं व्यंगचित्र असल्याचं म्हटलं आहे. ग्रंथात आहे ते मला फार मोलाचं वाटतं. ख्रिस्ती मुळातून निघालेल्या फार थोड्या पंथांनी परलोक इतक्या उदारपणे मांडला आहे, हे माझं मत. पटत नसेल तर खोडून काढा.

मूळ मजकूर 'सिद्धांत आणि करार' या ग्रंथाच्या ७६व्या प्रकरणात आहे. १६ फेब्रुवारी १८३२, ओहायोतलं हायरम गाव. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय घेऊन बसले होते. सत्कर्म करणारे जीवनासाठी उठतील, दुष्कर्म करणारे शिक्षेसाठी, असा तिथल्या २९व्या वचनाचा आशय. सगळ्या माणसांचे फक्त दोन ढीग कसे करायचे? दोघांनी सांगितलेल्या दर्शनात तीन राज्यं आहेत : सूर्याच्या तेजाचं सेलेस्टियल, चंद्राच्या तेजाचं टेरेस्ट्रियल आणि ताऱ्यांच्या तेजाचं टेलेस्टियल. उपमा प्रेषित पौलाची, बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायातली. 'टेलेस्टियल' हा शब्द मात्र बायबलात नाही.

आता सर्वांत खालचं राज्य पाहा. तिथे लबाड, व्यभिचारी, चेटूक करणारे जातात. मेल्यावर ते नरकयातना भोगतात, ख्रिस्ताचं सहस्र वर्षांचं राज्य पुरं होईपर्यंत. मग त्यांचंही पुनरुत्थान होतं आणि त्यांना मिळणारं वैभव माणसाच्या बुद्धीपलीकडचं असतं, असं ७६:८९ सांगतं. म्हणजे नरक आहे, पण त्यातून सुटका आहे. १९व्या प्रकरणात तर 'सार्वकालिक' हे देवाचं नाव आहे, म्हणून सार्वकालिक शिक्षा म्हणजे देवाची शिक्षा, असा उलगडा केला आहे. कायमचा अंधार उरतो तो 'विनाशाच्या पुत्रां'ना. पवित्र आत्म्याने पुरती खात्री पटवल्यावरही जे समजून-उमजून उलटले, ते हे. असे लोक अगदी थोडे.

मुलांचं तर आणखी सोपं. आठव्या वर्षापर्यंत मूल पापाला जबाबदारच नाही, त्याआधी गेलं तर थेट सेलेस्टियल. 'बाप्तिस्म्याआधी गेलेल्या तान्ह्या बाळाचं काय' या प्रश्नाने शेकडो वर्षं किती आयांना रडवलं असेल! इथे त्याचं उत्तर एका ओळीत आहे.

उंबरठा

तपशील बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही. तुम्ही खालच्या पायरीवरून सगळी इमारत मोजता आहात. मॉर्मन माणूस मनापासून ज्या स्वर्गाची आस धरतो तो टेलेस्टियल नव्हे, टेरेस्ट्रियलही नव्हे.

१३१वं प्रकरण बघा, मे १८४३, इलिनॉयमधलं रॅमस गाव. सेलेस्टियल राज्याच्या आतच आणखी तीन पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरची हवी असेल तर मंदिरात 'सीलिंग' होऊन लग्न लागलेलं हवं, असा त्याचा अर्थ चर्च लावतं. सीलिंग म्हणजे मरणानंतरही न तुटणारी गाठ. ती नसेल तर १३२:१६ प्रमाणे माणूस सेवा करणारा देवदूत होतो आणि एकटाच राहतो. नवराबायको, आईबाप, लेकरं ही नाती पुढे चालू राहतात ती फक्त वरच्या पायरीवर. खाली राहिलेल्यांना वर जाता येतं का? टेलेस्टियलबद्दल ७६:११२ म्हणतं, जिथे देव आणि ख्रिस्त आहेत तिथे ते कधीच येऊ शकणार नाहीत.

आता त्या मंदिरात पाऊल टाकायचं तर काय लागतं? 'रेकमेंड' नावाचा परवाना. तो दोन वर्षांसाठी असतो आणि दोन मुलाखतींनंतर मिळतो, आधी स्थानिक बिशपच्या पातळीवर, मग त्याच्या वरच्या. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देता का, हे विचारतात. दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य आहेत का, हे विचारतात. चहा म्हणजे आपला रोजचा चहाच, काळा असो वा हिरवा. माणूस सज्जन आहे, कोणाचं वाईट केलं नाही, पण दोन वेळचा चहा सुटत नाही. असा माणूस जिवंतपणी त्या दाराबाहेरच राहतो.

आणि विधवेचं ऐका. नवरा गेला, त्याच्याशी सीलिंग झालेलं आहे, तिने दुसरं लग्न केलं. दुसऱ्या नवऱ्याशी तिचं सीलिंग होत नाही, ते लग्न या जन्मापुरतं. त्याच्यापासून झालेली मुलं पहिल्या नवऱ्याशी झालेल्या सीलिंगच्या करारात जन्मलेली धरली जातात. उलट बायको गेलेला पुरुष दुसऱ्या बायकोशीही सीलिंग करू शकतो. सध्याचे अध्यक्ष डॅलिन ओक्स स्वतः याच स्थितीत आहेत : पहिली पत्नी १९९८ मध्ये वारली, २००० मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. ज्या बाईने दुसऱ्या संसारात वीस वर्षं काढली, तिला या उदारपणाबद्दल काय सांगणार?

अक्षरओळख

विधवेच्या मुद्द्यात अर्धी गोष्ट राहिली. ती आणि तिचे नवरे सगळे वारल्यावर, जिच्याशी कायदेशीर लग्न झालं त्या प्रत्येकाशी तिचं सीलिंग करता येतं आणि खरं नातं कोणतं ते पुढे ती ठरवते, असं मानतात. जिवंतपणी भेदभाव आहे, हे मान्य. त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण चहा पिणाऱ्या सज्जनाला कायमचं दाराबाहेर ठेवलं, हे बरोबर नाही. ज्याला शुभवर्तमान कधी नीट कळलंच नाही, त्याच्यासाठी मृत्यू ही मुदत नाहीच. या शिकवणीची सुरुवात एका घरातल्या दुःखातून झाली. जोसेफचा थोरला भाऊ ऑल्विन नोव्हेंबर १८२३ मध्ये बाप्तिस्मा न घेता गेला. अंत्यविधीत पाद्र्याने तो नरकात गेल्याचं सुचवलं, असं त्यांच्या कुटुंबाच्या आठवणीत आहे. २१ जानेवारी १८३६ ला कर्टलंडच्या मंदिरात जोसेफने दर्शनात पाहिलं तर ऑल्विन सेलेस्टियल राज्यात! हे कसं, असा त्यालाच प्रश्न पडला. उत्तर आलं : संधी मिळाली असती तर ज्यांनी मनापासून स्वीकारलं असतं, ते सगळे या राज्याचे वारस. त्या दर्शनात जोसेफचे आईवडीलही दिसले, आणि ते तर तेव्हा हयात होते.

वसईचा वारा

ख्रिस्ती बाजूने दोन गोष्टी.

पहिली, मत्तय २२:३०. पुनरुत्थानानंतर माणसं लग्न करत नाहीत आणि लग्न करूनही देत नाहीत, असं येशू स्वतः सांगतो. मॉर्मन उत्तर मला ठाऊक आहे : तिथे लग्न *लागत* नाही, म्हणून ते इथेच लावून घ्यायचं, आणि ते बोलणं पुनरुत्थानच न मानणाऱ्या सदूकी या ज्यू गटाशी होतं. पण सात भावांशी एकामागून एक लग्न झालेल्या बाईचा तो प्रश्न होता. सातांपैकी ती कोणाची बायको, यावर येशूने नावं चिठ्ठ्यांवर मांडली नाहीत, प्रश्नच बाजूला सारला. कॅथलिक शिकवणीत स्वर्ग म्हणजे देवाचं साक्षात दर्शन. आईवडील, जोडीदार तिथे भेटतील, पण स्वर्ग त्यांच्यावर उभा नाही. आजन्म अविवाहित राहिलेली मठवासी भगिनी आणि सात मुलांची आई यांच्यात तिथे पायरी नाही.

दुसरी, कृपा. मेलेल्यांसाठी प्रार्थना कॅथलिकांत आहेच. २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा होते, शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी विनवणी होते. पण मॉर्मन देतात तसा, जिवंत माणसाला पाण्यात उतरवून मेलेल्याच्या नावाने बाप्तिस्मा कोणी देत नाही, कारण बाप्तिस्मा जिवंत माणसाला एकदाच. मॉर्मन बाप्तिस्मा वैध नाही असं व्हॅटिकनने २००१ मध्ये सांगितलं. २००८ मध्ये धर्मप्रांतांना कळवलं की बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या त्यांच्या वंशावळ संस्थेला देऊ नका. त्या वह्यांमधून मेलेल्यांची नावं विधीसाठी उचलली जातील, ही काळजी त्यामागे होती.

कोरा कागद

मेलेल्यांसाठीच्या बाप्तिस्म्याचा तो विधी नेमका कसा चालतो ते सांगतो, म्हणजे वाद हवेत राहणार नाही.

आधी नाव. वंशावळीत मृताचं नाव, स्त्री की पुरुष, आणि ओळख पटेल इतका जन्ममृत्यूचा तपशील हवा. गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या माणसासाठी सर्वांत जवळच्या हयात नातलगाची परवानगी लागते. नाव कार्डावर छापून मंदिरात नेतात. कुंड बारा बैलांच्या मूर्तींच्या पाठीवर बसवलेला असतो. पांढरे कपडे घातलेला जिवंत प्रतिनिधी पाण्यात उतरतो, पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई. अमक्याच्या वतीने, जो मृत आहे, असं नाव घेऊन त्याला पूर्ण बुडवतात. दोन साक्षीदार बघतात. केस किंवा कपड्याचं टोक जरी वर राहिलं तरी पुन्हा बुडवतात. मग डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्याचं दान, पुढे एंडाउमेंट (मंदिरातला शिकवणीचा आणि शपथांचा विधी), शेवटी जोडीदाराशी आणि आईबापांशी सीलिंग. हे सगळं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रतिनिधींकडूनही होतं.

सुरुवातीला इतकी शिस्त नव्हती. १५ ऑगस्ट १८४० ला इलिनॉयमधल्या नॉवू इथे एका अंत्यविधीत जोसेफने ही शिकवण पहिल्यांदा सांगितली. काही आठवड्यांतच जेन नेमन नावाच्या आईने आपल्या मृत मुलासाठी, सायरससाठी, मिसिसिपी नदीत बाप्तिस्मा घेतला. शब्द नीट ऐकू यावेत म्हणून व्हिएना जॅक्स ही बाई घोड्यावर बसून पाण्यात उतरली. आजच्या नियमाने आईला मुलाच्या वतीने बुडता आलं नसतं.

आता माझा आक्षेप. चूक होते ती कागदावर आणि होते संमतीची. एकाच नावाच्या दोन माणसांची नोंद एकत्र होते, एकाच माणसाचा विधी पुन्हा पुन्हा होतो. त्याहून वाईट म्हणजे ज्यांचा वंशाशी संबंध नाही अशी नावं घातली जातात. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं सापडल्यावर १९९५ मध्ये ज्यू संघटनांशी करार झाला, सुमारे ३ लाख ८० हजार नावं काढली गेली. तरी २०१२ मध्ये ॲन फ्रँकचं नाव पुन्हा निघालं. त्याच वर्षी महात्मा गांधींच्या नावाने बाप्तिस्मा झाल्याचीही बातमी आली होती. जे ज्यू म्हणूनच मारले गेले, त्यांचं नाव अशा विधीत घेणं मला अन्यायाचं वाटतं, भावना कितीही चांगली असली तरी.

दर्भ

हे आपल्या श्राद्धासारखंच नाही का? जिवंताने करायचं, मेलेल्याला पोचायचं. नामावळही तशीच. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग १९७७ पासून याच मॉर्मन वंशावळ संस्थेने केलं. संमती आपण तरी कुठे विचारतो?

कोरा कागद

वरून सारखं दिसतं. पण श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा आपल्याच तीन पिढ्यांना पिंड, आणि त्यांचा धर्म कोणी बदलत नाही. इथे मृताला दुसऱ्या पंथाचा करार देऊ केला जातो. त्यांच्या बाजूने एवढं जरूर सांगायला हवं की तो आत्मा नाकारू शकतो. विधी झाला म्हणून त्याला मॉर्मन सभासद धरत नाहीत. १९१८ च्या ३ ऑक्टोबरला जोसेफ एफ. स्मिथ (संस्थापकाचे पुतणे, तेव्हाचे चर्चचे अध्यक्ष) यांनी सांगितलेल्या दर्शनात, म्हणजे १३८व्या प्रकरणात, येशूने वधस्तंभ ते पुनरुत्थान या काळात धार्मिक आत्म्यांना नेमून बंदिवासातल्या आत्म्यांकडे पाठवलं, असं आहे. तिथे शिकवणं आहे, सक्ती नाही. जगात महायुद्ध आणि इन्फ्लुएन्झा चालू होता, जानेवारीत त्यांचा स्वतःचा मुलगा वारला होता, हे लक्षात ठेवून ते प्रकरण वाचावं.

सागरगोटा

एका राज्यातून वरच्या राज्यात बढती मिळते का, यावर त्यांच्यातच एकमत नाही. त्यांच्यातले धर्मलेखक जेम्स टॅलमेज यांनी १८९९ मध्ये तशी शक्यता लिहिली, पुढच्या आवृत्त्यांतून ती गेली. चर्चचे नेते ब्रूस मकाँकी यांनी १९८० मध्ये तिला घातक पाखंडांत गणलं. आणि १९५२ च्या एका कार्यालयीन पत्रात चर्चने यावर निश्चित सिद्धांत कधी जाहीरच केला नसल्याचं म्हटलं आहे. म्हणून ७६:११२ वरून 'कधीच नाही' म्हणणाऱ्या उंबरठा यांनी जरा सबुरीने घ्यावं.

उंबरठा

सबुरीने घेतो, पण ग्रंथातलं वचन ग्रंथात आहे आणि बढतीची शक्यता सुधारित आवृत्तीतून काढलेली आहे. माझ्या दृष्टीने दोन्हींचं वजन सारखं नाही.

अक्षरओळख यांना एकच प्रश्न. १८३६ मध्ये ऑल्विन सेलेस्टियल राज्यात दिसला, केवळ त्याचं मन तसं होतं म्हणून. मग नॉवूत हायरमने, म्हणजे मधल्या भावाने, त्याच्या नावाने बाप्तिस्मा कशासाठी घेतला? मन पुरेसं असेल तर पाणी कशाला, आणि पाणी लागणारच असेल तर ते दर्शन कशाचं?

अक्षरओळख

दर्शन पुढच्या काळाचं होतं. आईवडील हयात असून तिथे दिसले, ते याच कारणाने. बाप्तिस्मा नंतर येणारच होता. योहान ३:५ ते शब्दशः मानतात : पाण्याने आणि आत्म्याने जन्मल्याशिवाय प्रवेश नाही. ती अट कोणालाच सुटत नाही, म्हणून तर ती पुरी करायला भाऊ नदीत उतरला. तुम्हाला त्यात कुलूप दिसतं. मला दिसतो कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला हायरम, सतरा वर्षांपूर्वी गेलेल्या भावाचं नाव ऐकत.