बेचिराख व्हायला आग लागतेच का?

निपाणीकर: कल्पित जगावर कादंबरी लिहितोय. त्यातली सात नगरं एका पिढीत रिकामी होतात. लढाई नाही, आग नाही, पूर नाही. कणगीत धान्य तसंच, चुलीवर भांडं तसंच, माणूस तेवढा नाही. मी लिहिलं, 'नगरी बेचिराख झाली'. हस्तलिखित वाचणाऱ्या मित्रानं त्याखाली रेघ मारली : आग नाही तर राख कुठली? आमचे आजोबा वस्ती उठलेल्या गावाला बेचिराख म्हणायचे. काय खरं?

टिळकवाडी: आजोबांचंच खरं. फारसी बे आणि चिराग. जिथं दिवा लागत नाही ते गाव. महसुली दप्तरात हाच अर्थ आहे : गावाला नाव आहे, शिवार आहे, सर्व्हे नंबर आहेत, राहतं माणूस नाही. इथल्या, बेळगावकडच्या कन्नड कागदांतही 'बेचराक ग्राम' असतंय की. चिरागचं चिराख झालं, शेवटी 'राख' ऐकू यायला लागली आणि जाळपोळ चिकटली.

खानापूरकर: आमच्याकडं घरं चिऱ्यांची. चिऱ्यांची राख झाली ते बेचिराख, असं आमचे गुरुजी सांगायचे.

टिळकवाडी: मग 'बे' कुठला? बेघर, बेवारस, तसंच हे.

शहापूर: व्युत्पत्ती मान्य. पण आजचा वाचक 'बॉम्बफेकीत शहर बेचिराख' हेच वाचत मोठा झाला. त्याला धूरच दिसणार. 'ओस पडली' लिहा, विषय संपला.

अनगोळ: पुरातन नगरीला फारसी शब्द हवाच कशाला? लोप आहे, लय आहे, अस्त आहे.

टिळकवाडी: अस्त सत्तेचा होतो, लय सृष्टीचा. घरातला दिवा विझल्याचं यातल्या एकातही येत नाही. आणि फारसी काढायचंच तर 'शहर'ही काढा, 'दप्तर'ही काढा.

वडगाव: शब्दाआधी घटना ठरवा. सिंधू संस्कृतीची शहरं इ.स.पू. १९०० च्या सुमारास खालावत गेली. मोहेंजोदडोत गटारांची देखभाल सुटली, मोठ्या घरांच्या लहान खोल्या झाल्या. हळूहळू लोक पांगले, बरेच पूर्वेकडच्या लहान वस्त्यांत गेले. हा ऱ्हास. एका पिढीत सात नगरं म्हणजे ऱ्हास नव्हे. आमच्या वडगाव-माधवपूरलाही उत्खननात सातवाहनकाळातलं नगर निघालं, आज त्यावर वस्ती आहे. त्याला बेचिराख म्हणणार का?

अथणीकर: अशा जागेला पांढर म्हणतात. राख, शेण, मातीच्या भिंती पिढ्यानपिढ्या मुरून तिथली माती पांढुरकी होते. भोवतालच्या काळ्या रानात ते टेकाड लांबूनच कळतं. म्हणजे राख आलीच, पण चुलीची.

खानापूरकर: पांढर म्हणजे उठलेलं गाव ना?

अथणीकर: छे. नांदतं गावही पांढरच. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. उठलेली असेल तर 'जुनी पांढर' म्हणायचं.

अनगोळ: उजाड गावाला कन्नडमध्ये 'हाळूरु' म्हणतात. त्याला जोडीचा, फारसी नसलेला मराठी शब्द कुणाच्या गावी बोलण्यात आहे?

शहापूर: ओसगाव.

अथणीकर: आमच्याकडं नाही बोलत तसं.