मदत हवी: अणुचाचण्या झालेल्या बिकिनी बेटावर किरणोत्सर्ग मोजणारी दोन यंत्रं, दोन आकडे. खरा कोणता?

खारावारा
गायगर मीटर ०.४१ दाखवतो, सोडियम आयोडाइड स्फटिकाचा मीटर ०.१७. जागा तीच, दोन्ही कॅलिब्रेट केलेले. परवा बोट निघते. कुठला आकडा लिहू? लवकर सांगा.

अर्धायुष्य
एकक? उंची? गायगर पॅनकेक (चपट्या) नळीचा का? नळीची पातळ अभ्रकाची खिडकी उघडी होती का?

किनारा७
आधी आयोडीनच्या गोळ्या घ्या.

अर्धायुष्य
कशाला? त्या किरणोत्सारी आयोडीन-१३१ साठी. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ८ दिवस, आणि तिथला शेवटचा अणुस्फोट १९५८ चा.

खारावारा
मायक्रोसिव्हर्ट प्रति तास, दुसरं काय असणार! पॅनकेकच, खिडकी उघडी, वाळूला टेकवून. आयोडाइड तिपाईवर, १ मीटरवर. डोस स्पेक्ट्रमवरून (कुठल्या ऊर्जेचे किती किरण, त्या आलेखावरून).

अर्धायुष्य
मग "जागा तीच" कसली? वाळूत स्फोटांतून उरलेल्या, गामा किरण देणाऱ्या सीझियम-१३७ सोबत स्ट्रॉन्शियम-९० आहे. त्याच्यापासून होणाऱ्या यिट्रियम-९० चे बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) २.२८ एमईव्ही ऊर्जेपर्यंत जातात. अभ्रकाच्या खिडकीतून ते सरळ आत शिरतात आणि मीटर त्यांना गामा समजून डोसमध्ये धरतो. गायगरही १ मीटरवर न्या, खिडकीपुढे ५ मिमी ॲल्युमिनियम धरा. उघडं वजा झाकलेलं, तो बीटा. डोस म्हणून लिहायचा तो झाकलेला.

पत्रेवाला
शिशाचा पत्रा लावा की. पातळ असला तरी चालतो.

अर्धायुष्य
नाही चालत. शिसं कमी ऊर्जेचा गामाही खातं, वर बीटा त्यात अडला की क्ष-किरण निघतात. ॲल्युमिनियम नसेल तर भाजी चिरायचा १५ मिमीचा प्लास्टिकचा पाट धरा.

नारळपाणी
मीटरचा खेळ सोडा, माती आणा. ०-५, ५-१०, १०-१५ सेमी असे थर वेगळे, १०५ अंशांवर वाळवून, २ मिमी चाळणीतून. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम नगण्य, म्हणून माड त्याच्याऐवजी त्याच्यासारखं सीझियमच ओढतो. डोस नारळ खाऊन पोटातून जातो, पायाखालून नव्हे.

अर्धायुष्य
खरंय, पण त्याने विचारलंय मीटरचं.

किनारा७
केरळात चवऱ्याच्या वाळूत याहून जास्त किरणोत्सर्ग असतो, तिथे लोक राहतात.

नारळपाणी
तो वाळूतल्या मोनाझाइट खनिजातला नैसर्गिक थोरियम. चवऱ्याचा माड सीझियम ओढत नाही.

खारावारा
दोन्ही १ मीटरवर, पाट लावला. गायगर ०.२३, आयोडाइड ०.१७. अजून ०.०६ कुठून?

अर्धायुष्य
समुद्रसपाटीला वैश्विक किरण साधारण ०.०३. तुमचा स्पेक्ट्रम ३ एमईव्हीला थांबत असेल तर तो भाग त्यात येतच नाही, गायगर मात्र मोजतो. उरलेलं बहुधा मातीत विखुरून ऊर्जा घटलेल्या गामाचं, पॅनकेक त्याला फुगवून दाखवतो. बोटीतून लगूनमध्ये खोल पाण्यावर दोन्ही १५ मिनिटं चालवा, वैश्विक किरण आणि उपकरणाचं स्वतःचं मिळून किती ते कळेल.

आणि उन्हात आयोडाइडच्या स्पेक्ट्रममधलं शिखर (ठरावीक ऊर्जेचा उंचवटा) सरकतं. एरवी पोटॅशियमच्या १४६० केईव्हीवर जुळवतात, तिथल्या वाळूत ते दिसेल न दिसेल. बेटावर सीझियमचं ६६२ धरा; पाण्यावर तेही नाही, तेव्हा किलोभर पोटॅश खत डिटेक्टरला लावून जुळवा आणि मोजण्याआधी लांब ठेवा.

नारळपाणी
ते खत परत आणू नका, माडाच्या बुंध्याशी टाका. पोटॅश मिळालं की माड सीझियम खूप कमी ओढतो.

खारावारा
खत बोटीवर आहे. १५ मिनिटं म्हणजे इंजिन बंद करून का?