मदत हवी आहे: १९७२ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), पांढऱ्या वायरवर व्होल्टेज पडतंय

इंजिन बंद, इग्निशन चालू. वायपर, हीटरचा पंखा आणि ब्रेकचे दिवे एकदम लावले की इंडिकेटर रेंगाळतो. तेव्हा बॅटरीवर १२.४ व्होल्ट, फ्यूजबॉक्सच्या तपकिरी वायरवर (थेट बॅटरीकडून येणारी) १२.२, पण पांढरीवर (इग्निशन स्विचमधून येणारी) १०.९ आणि हिरवीवर (फ्यूजनंतरची, या उपकरणांना जाणारी) १०.८. फ्यूजच्या चिमट्यांवरचा हिरवट गंज पॉलिश पेपरने घासून काढलाय, अर्थिंगही ठीक. म्हणजे १.३ व्होल्ट तपकिरी ते पांढरी या वाटेतच गळतायत. लोड नसताना मात्र सगळीकडे १२ च्या वर दिसतं, त्यामुळे नुसत्या टेस्ट लॅम्पवर भरवसा नाही.

दोष इग्निशन स्विचच्या कॉन्टॅक्टमध्ये की बुलेट कनेक्टरच्या (वायरींची गोळीसारखी टोकं नळीत खुपसून केलेला जोड) ढिल्या नळीत, हे स्विच न उघडता कसं ओळखायचं? मीटरचे प्रोब नेमके कुठे लावू? तपकिरीवरून रिले (छोट्या करंटने चालू-बंद होणारा वेगळा स्विच) देऊन हिरवं सर्किट चालवता येईल, पण मला ते दुखणं झाकल्यासारखं वाटतं.