मदत हवी आहे : फोंताइन्हासमध्ये स्वस्त मुक्काम

सप्रेम नमस्कार. माझी भाची मैत्रिणींसह पाठीवर सॅक लावून पणजीला येत असून त्यांना फोंताइन्हास, म्हणजे आल्तिनो टेकडीच्या पायथ्याची ती पिवळ्या-निळ्या भिंतींची आणि अरुंद गल्ल्यांची वस्ती, पायीच निवांतपणे पाहायची आहे. कदंब बसस्थानकावरून खाडीवरचा पूल ओलांडून सान सेबास्तियांवच्या कपेलापर्यंत (छोट्या चर्चपर्यंत) आणि पुढे मळा भागातल्या मारुतीच्या देवळाकडे चालत जाता येते, त्यामुळे रिक्षाचा खर्च नाही. प्रश्न मुक्कामाचा आहे, कारण तिथली बरीच जुनी घरे आता महागडी अतिथिगृहे झाली आहेत. मुलींसाठी सुरक्षित, स्वस्त डॉर्मिटरी किंवा घरगुती खोली कोणाला स्वानुभवाने माहीत आहे का? सकाळची पातळभाजी आणि गरम पाव जवळपास कुठे चांगले मिळतात? दारासमोरच्या फोटोंचा रहिवाशांना खरोखर त्रास होतो, तेव्हा कोणत्या गल्ल्यांत कॅमेरा काढू नये, हेही कृपया सांगावे.