मॉडेल रेल्वे: लाइव्ह फ्रॉगचा सांधा बदलला की शॉर्ट

ब्रिटिश ब्रँच लाइनचा ओओ (1:76 प्रमाणाचा) लेआउट, डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोल. लूपच्या दोन्ही टोकांना लाइव्ह फ्रॉगचे सांधे (गाडीचा मार्ग बदलणारे; फ्रॉग म्हणजे आतले रूळ छेदतात तो भाग, इथे वीज वाहणारा), पात्यांची तोंडं एकमेकांपासून लांब. एक बदलला की कंट्रोलर ट्रिप होतो. काय चुकतंय?

↳ फ्रॉगमधून निघणारे दोन आतले रूळ थेट जोडलेत का? तिथे वीज अडवणारे प्लास्टिकचे जॉइनर (रूळ जोडणारे तुकडे) हवेत, दोन्ही सांध्यांना, म्हणजे एकूण चार. नाहीतर एका फ्रॉगची पोलॅरिटी दुसऱ्याच्या उलट होते आणि शॉर्ट ठरलेला. मग लूपच्या दोन्ही मार्गांना वेगळे फीडर (वीज पुरवणाऱ्या तारा) द्या.

↳ वरचं बरोबर. पण फ्रॉगची वीज सांध्याच्या सरकत्या पात्याच्या टोकाच्या स्पर्शावर सोडू नका. धूळ किंवा रंग बसला की छोटं शंटर इंजिन तिथेच अडतं. सांध्यासोबत फिरणाऱ्या चेंजओव्हर स्विचची मधली तार फ्रॉगला, कडेच्या दोन तारा दोन बाहेरच्या रुळांना. त्या उलट लागल्या तर लगेच शॉर्ट, अदलाबदल करा.

↳ एखादाच डबा जाताना क्षणभर शॉर्ट होत असेल तर चाकं मोजा. एकाच आसावरच्या दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर साधारण 14.5 मिमी हवं. कमी असेल तर चाकाची पाठ उघड्या (बाहेरच्या रुळापासून सुटलेल्या) पात्याला घासते. जुन्या डब्यांत हे फार.

↳ धन्यवाद. जॉइनर दोनच होते, तेही एकाच बाजूला.