लोडरच्या जॅकचे सील बदलले, तरी बकेट खाली बसते

ओढ्याकाठचा:
आमच्या सुमारे तीस वर्षे जुन्या ट्रॅक्टरला लोडर बसवलेला आहे. शेणखत भरण्यापलीकडे त्याच्यावर फारसे काम नसते. उचलण्याच्या दोन्ही जॅकच्या ग्लँडमधून, म्हणजे रॉड बाहेर येतो त्या तोंडाच्या झाकणातून, तेल पाझरू लागल्यामुळे मी सील किट आणले आणि गेल्या महिन्यात दोन्ही जॅक घरीच उघडले. डावा जॅक कोरडा झाला, पण उजव्याच्या रॉडवर पंधरा दिवसांतच पुन्हा तेल दिसू लागले. शिवाय भरलेली बकेट उचलून ठेवली की अर्ध्या तासात ती वीतभर खाली येते. हे सील बदलण्याआधीही होत होते. आता बॅरलला होनिंग, म्हणजे जॅकच्या नळीला आतून घासकाम, करून घ्यावे का?

जुना फिटर:
या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि होनिंगचा खर्च दोन्हींपैकी एकीवरही उपाय नाही. लिव्हर मधल्या जागी असताना जॅकच्या दोन्ही वाटा बंद असतात. अशा वेळी पिस्टनचे सील पूर्ण गेलेले असले, तरी बुडाकडचे सगळे तेल रॉडच्या बाजूला मावत नाही, कारण तिथली काही जागा रॉडनेच अडवलेली असते. बोअर, म्हणजे बॅरलची आतली पोकळी, रॉडच्या दुप्पट व्यासाचा असेल तर आतला दाब सुमारे चौपट होतो आणि वजन तिथेच तोलले जाते. बकेट खाली येते याचा अर्थ तेल जॅकमधून बाहेर जात आहे. ग्लँडच्या पाझरण्याने वीतभर उतार पडत नाही, त्यामुळे माझा संशय लिव्हरने चालणाऱ्या वाल्व्हवर आहे. वाल्व्हमध्ये सरकणाऱ्या दांड्याला, म्हणजे स्पूलला, आतल्या बाजूस सील नसते. घर आणि स्पूल यांच्यातील काही मायक्रॉनचे अंतर तेवढे तेल अडवते, आणि तेच झिजून वाढते.

पिस्टनच्या सीलची खात्री करायची असेल, तर लोडर शेवटपर्यंत वर नेऊन भुजांखाली लोखंडी टेकू द्यावा. इंजिन बंद करून लिव्हर हलवून दाब काढावा, रॉडकडचा पाइप सोडून त्याला बूच मारावे आणि मग इंजिन चालू करून उचलण्याचा लिव्हर हलकेच दाबावा. सुरुवातीला उरलेले तेल येईल. ते थांबले तर सील चांगले आहेत. दाबाखालचे पाझरणे हाताने कधीही चाचपू नये. बारीक छिद्रातून आलेले तेल कातडीत घुसते, आणि ती जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची असते.

लेथवाला:
उजव्या रॉडवरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर तो खड्डा प्रत्येक फेरीत सीलचा ओठ कापतो, आणि हार्ड क्रोम करून घेतल्याशिवाय ते थांबणार नाही. नख अडकले नाही तर व्हर्निअर लावून रॉडची जाडी मोजावी. जुन्या लोडरवर सव्वा इंची, म्हणजे ३१.७५ मि.मी.चे रॉड सापडतात आणि दुकानदार त्यांना ३२चे किट देऊन मोकळा होतो. पाव मि.मी. ढिले सील सुरुवातीला तेल धरते, पण फार दिवस नाही.

ओढ्याकाठचा:
व्हर्निअर लावल्यावर उलगडा झाला. उजवा रॉड ३१.७५ भरला आणि डावा बरोबर ३२. म्हणजे डावा जॅक पूर्वी कोणीतरी बदललेला असावा, आणि तो कोरडा का राहिला हेही त्यातच आले. नख कुठेही अडकले नाही. इंची सील मागवून गरम पाण्यात मऊ केले, बदामाच्या आकारात दुमडून खाचेत सोडले आणि स्क्रू ड्रायव्हरऐवजी बांबूच्या कामटीने बसवले. टेकू देऊन केलेल्या परीक्षेत तेल थोडे येऊन थांबले. मग दोष वाल्व्हचाच समजायचा का?

जुना फिटर:
होय. वाल्व्हच्या उचलण्याच्या भागात शॉक रिलीफ, म्हणजे झटक्याचा जादा दाब सोडणारा छोटा वाल्व्ह, असेल तर आधी तो उघडून त्याच्या बैठकीत कचरा अडकला आहे का ते पाहावे. तो स्वच्छ असेल तर नुसत्या ओ-रिंगवर पैसे घालू नयेत, कारण त्या बाहेरचे पाझरणेच थांबवतात. वाल्व्हचा तो भागच बदलावा लागेल. आपले काम शेणखताचे असल्याने तोवर काम थांबले की बकेट जमिनीवर टेकवून ठेवावी, म्हणजे घाई राहणार नाही.