सोलरच्या बंद लूपमध्ये गाडीचा कूलंट नको

निफाडच्या बंगल्यावरच्या हीट एक्स्चेंजरवाल्या सोलर वॉटर हीटरमध्ये (पॅनल आणि टाकीतली कॉइल यांच्यात वेगळा द्रव फिरतो, तो बंद लूप) थंडीत गोठू नये म्हणून गाडीचा कूलंट भरू का, असं विचारलंय. नका भरू. तो बहुतेक वेळा इथिलिन ग्लायकॉलचा, म्हणजे विषारी. कॉइलला बारीक भोक पडलं तर थेट अंघोळीच्या पाण्यात. इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) असलेलं प्रॉपिलिन ग्लायकॉल घ्या.

३० टक्के पुरे, साधारण उणे १३ अंशांपर्यंत निभावतं. लूप २० लिटरचा असेल तर ६ लिटर ग्लायकॉल, १४ लिटर डीएम (क्षार काढलेलं) पाणी, आणि हे बादलीत आधी मिसळून. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातल्या क्षारांमुळे इनहिबिटर साका होऊन बसतो.

भरायचं ते ऊन चढायच्या आत, नाहीतर पॅनलवर ताडपत्री टाकून. तापलेल्या पॅनलमध्ये गेलं की वाफच होते. खालच्या ड्रेन कॉकमधून छोट्या पंपाने हळूहळू चढवा, वरचा एअर व्हेंट उघडा. फसफस थांबून सलग धार आली की बंद करा. घाई केलीत तर वरच्या हेडरमध्ये (पॅनलच्या आडव्या नळीत) हवा अडकते आणि पॅनल तापूनही टाकी कोमटच राहते.

लूपला जीआय (जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी) पाइप असेल तर आधी तो बदला. ग्लायकॉल जस्त खातं, गाळ होतो.

आणि हो, हवा ३-४ अंशांवर असली तरी निरभ्र रात्री पॅनलचा पत्रा शून्याखाली जाऊ शकतो, त्यामुळे 'आपल्याकडे कुठे गोठतंय' हा हिशेब निफाडला चालत नाही.